दांड्यावरचा माणूस

डाग पुसत पुसत मी निम्म्यावर आले आणि लक्षात आलं, की एक डाग जागा बदलतोय.

हे जरा फोड करून सांगते. कॅमेऱ्याच्या पोटात सेन्सर असतो. पूर्वी जिथे फिल्म असायची तिथे आता तो बसवलेला असतो, आणि चित्र त्याच्यावर उमटतं. त्यावर धुळीचा कण बसला की प्रत्येक फोटोत एक करडा ठिपका येतो. कॅमेरा कुठेही फिरवा, ठिपका फोटोत त्याच ठिकाणी राहतो. म्हणून आम्ही एका फोटोतला ठिपका पुसतो आणि तेच पुसणं बाकीच्या फोटोंना एका क्लिकमध्ये लावतो. खाऱ्या वाऱ्यात काम करणाऱ्यांना याची इतकी सवय असते, की हात आपोआप चालतो. त्या दुपारीही चालला. पण एका फोटोत ठिपका गेला आणि पुढच्या फोटोत पुसलेल्या जागेच्या शेजारी तो हजर. त्याच्या पुढच्यात आणखी थोडा बाजूला. मी पक्ष्यांमागे कॅमेरा फिरवत गेले होते, तसा तो फोटोत मागे सरकत होता. म्हणजे ती धूळ नव्हती. जे होतं ते बाहेर होतं, पाण्याच्या कडेला.

मी फोटो मोठा केला. तो माणूस होता.

रत्नागिरीत माझा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी आणि पासपोर्ट फोटोंवर घर चालतं. पक्ष्यांपायी डोकं फिरलंय, असं नवरा म्हणतो. मात्र त्या वेळी पक्ष्यांचंच रीतसर काम मिळालं होतं. तासाभराच्या अंतरावर एका खाडीच्या तोंडाशी नवीन रिसॉर्ट झालं होतं. लॉबीची आख्खी भिंत भरेल असा एकच फोटो त्यांना हवा होता: किनाऱ्यावरून उडणारा पक्ष्यांचा थवा. मॅनेजर महाडिक मूळचा सावर्ड्याचा, समुद्राशी संबंध फक्त पगारापुरता. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मॅडम, फोटो एकदम क्लीन पाहिजे. मालकांना कचरा चालत नाही."

खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक लांबलचक पट्टा आहे. सुकती असली की तो उघडा पडतो, भरतीला बुडतो. गावात त्याला दांडा म्हणतात. थंडीत तिथे चिखल्या आणि तुतवार हजारोंनी उतरतात. मुठीएवढे पक्षी, पण उडाले की सगळे एकदम वळतात. क्षणात सगळा थवा तपकिरी, क्षणात पांढरा. हे टिपायचं तर कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यात उघडून मिटावी लागते. बोट दाबून ठेवायचं आणि एकामागून एक फोटो घेत सुटायचं. आम्ही याला बर्स्ट म्हणतो. एका सकाळी हजारभर फोटो होतात आणि त्यातले चार कामाचे निघतात. फोटो काढताना नजर फक्त पक्ष्याच्या डोळ्यावर असते. मागे हत्ती उभा असला तरी दिसत नाही.

तर हा माणूस मला दिसला नव्हता. दांड्याच्या पार टोकाला, समुद्राकडे तोंड करून तो उभा होता. फिकट शर्ट, डोक्यावर टोपी. असेल कुणी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणारा, म्हणून मी पुढचे फोटो उघडले.

पुढच्या फोटोत तो तसाच उभा. पायाशी पाणी.

त्याच्या पुढच्या बर्स्टमध्ये तो वळला होता. आता तोंड किनाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे. मी चेहरा मोठा करून पाहिला. नारिंगी गोळा, बाकी काही नाही. नाक, डोळे, सावली, काही नाही. लांबच्या फोटोत बारकावे जातात, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते, तेच स्वतःलाही सांगितलं. पुढे पाणी गुडघ्याला. मग कमरेला. पक्षी त्याच्यापाशी येऊन दोन बाजूंना फाटत होते आणि पलीकडे पुन्हा एक होत होते. शेवटच्या फोटोत पाणी त्याच्या छातीला लागलं होतं आणि दोन्ही हात पसरून तो माझ्याकडे बघत उभा होता.

बाहेर टळटळीत ऊन होतं. स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून मी पडदे ओढले होते, ते आधी उघडले. एक माणूस माझ्यासमोर बुडाला होता आणि मी तुतवाराच्या डोळ्यावर फोकस करत बसले होते.

महाडिकला फोन केला.

"मॅडम, मालक आलेत मुंबईहून, नंतर बोलतो. तुमचं सॅम्पल बघितलं त्यांनी, आधी आणि नंतरचं. खूश आहेत!" आणि फोन बंद.

आधी आणि नंतर ही आमच्या धंद्यातली पद्धत. एक फोटो जसा आला तसा आणि शेजारी तोच साफ करून, असे दोन्ही पाठवायचे. त्याशिवाय आमची मेहनत गिऱ्हाइकाला कळत नाही. त्या दिवशी सकाळी मी तसं एक सॅम्पल पाठवलं होतं. आता ते उघडून पाहिलं. 'आधी'मध्ये दांड्याच्या टोकाला तो ठिपका होता. 'नंतर'मध्ये नव्हता. धूळ समजून मीच पुसला होता.

स्कूटर काढली आणि निघाले.

गावात पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. खाडीकाठच्या पहिल्याच घराच्या पडवीत एक म्हातारी विळीवर मुळे फोडत बसली होती. मुळे म्हणजे वाळूतले मोठे शिंपले. मी पाणी मागितलं, प्यायले आणि विचारलं, "आजी, परवा सकाळी दांड्याच्या टोकाला कोण उभं होतं?"

"त्ये आमचे भावोजी," ती मान वर न करता म्हणाली. "सुगंधाचे घरवाले. ती माजी धाकटी जाऊ."

मी सुटकेचा श्वास सोडला. "मग आले ना ते परत? पाणी फार चढलं होतं."

"परत कुटं येतायत. त्ये तितंच आसतात."

"तिथेच म्हणजे?"

"म्हंजे तितंच. आता बी हायत की. बगा."

तिने विळीवरचा हात उचलून दाखवला. भरती पूर्ण होती. दांडा नव्हताच, नुसतं लखलखतं पाणी. आणि त्या पाण्यात लांबवर, टोपी घातलेलं एक डोकं. मी खरंच दोन पावलं मागे सरले आणि कोंबडीच्या डालग्यावर आपटले.

आवाजाने आतून एक बाई बाहेर आली. माझ्याच वयाची, कडक अंगाची, हाताला वाळूचा खरखरीतपणा. हीच सुगंधा. मला उठवत ती जावेवर ओरडली, "आवं नीट सांगा की पावन्यांना! घाबरल्या त्या." मग मला म्हणाली, "खांब हाय ताई. म्या लावलाय."

तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. सुट्टीवर आला असताना उधाणाच्या सकाळी पाग घेऊन दांड्यावर गेला. दांडा फसवा आहे. पाणी समोरून येताना दिसत नाही, ते मागच्या चरीतून येतं. किनारा आणि दांडा यांच्यामध्ये ती चर आहे. माणूस समुद्राकडे बघत राहतो आणि परतीची वाट पाठीमागे भरून जाते. तो सापडला नाही. पाग सापडला.

"मुळं काडताना आमी खाली वाकलेल्या," सुगंधा म्हणाली. "वर कोन बगतो? म्हनून खांब रोवला. त्याच्यावर पोकळ बांबू, आडवी काठी, यांचा शर्ट. डोक्याला जाळ्याचा नारिंगी फ्लोट, वर टोपी. खाली जाळ्याचा तुकडा सोडलाय वाळूपातुर. पानी यायला लागला की पैला त्या टोकाला येतो. जाळा वडतो, बांबू फिरतो आन् ते आमच्याकडं वळतात. ते वळले की टोपली उचलायची आन् निगायचा."

"गावाला चालतं हे?"

"नाय चालत. गेलेल्या मानसाचा शर्ट रोज सकाळी का बगायचा, म्हनतात. पैल्या वर्साला दोनदा उपटला खांब. म्या परत रोवला." ती पदराला हात पुसत म्हणाली, "शर्ट फाटला की दुसरा घालते. पेटीत हायत आजून थोडे."

तोवर पडवीत जमलेल्या सगळ्या बायका त्या खांबाला 'ते' म्हणत होत्या. कुणी हसत नव्हतं, कुणी डोळे पुसत नव्हतं. परत येताना मला मात्र स्कूटरवर हसू येत होतं आणि अंगावर काटाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, तुला बुजगावण्यानेही पोज दिली. मी त्या रात्री छान झोपले.

थव्याचे फोटो चांगले होते, पण मालकांना थवा आणखी दाट हवा होता. म्हणून पुढच्या उधाणाला मी पुन्हा गेले. उधाणाला पाणी जोरात आणि उंच चढतं. खायची जागा झपाट्याने बुडते आणि सगळे पक्षी एकदम उठतात.

सकाळी खाडीवर धुकं होतं. आमच्याकडे थंडीत असं धुकं पाण्यालगत बसतं. खडकावर उभं राहिलं की वरचं आकाश स्वच्छ आणि खाली सगळा कापूस. मी कातळाच्या कडेला ट्रायपॉड लावला. दांडा दिसत नव्हता. बायका अंधुक उजेडातच मुळे काढायला गेल्याचं चरीकाठच्या चपलांवरून कळलं. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. बोलणारं कुणी दिसत नव्हतं.

मला खांबही दिसत नव्हता. धुक्यात असेल, असं मी धरून चालले. त्यांनीही तेच धरलं होतं.

सूर्य वर आला आणि थवा उठला. धुक्यातून एकदम, पाणी उकळून फुटावं तसे पक्षी बाहेर आले. मी बोट दाबलं. तपकिरी, पांढरा, तपकिरी. एवढा दाट थवा मी आयुष्यात पाहिला नव्हता. तो दांड्यावरून टोकाकडे गेला आणि तिथे दोन भागांत फाटला. मधून स्वच्छ, लांबट मोकळी जागा सोडून दोन्ही बाजूंनी गेला आणि पलीकडे पुन्हा मिळाला. शिस्त बघा, म्हटलं, भावोजींना वाट दिली.

आणि खालून सुगंधाचा आवाज आला. इतका मोठा की माझं बोट सुटलं.

"पळा! टोपल्या टाका! पळा!"

मी कॅमेरा तिथेच काढून ठेवला, ट्रायपॉड हातात घेतला आणि खडकावरून खाली उतरले. चरीशी पोचले तर चपला नव्हत्या, जिथे चपला होत्या तिथे पाणी होतं. धुक्यातून बायका एकामागून एक बाहेर आल्या, एकमेकींचे पदर धरून, कमरेएवढ्या पाण्यात. पाणी आडवं ओढत होतं. मी ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करून पुढे धरला. पहिलीने धरला, वर आली. मग मागच्या. सगळ्यांत शेवटी सुगंधा. तिच्या छातीला पाणी होतं आणि थोरल्या जावेला तिने पाठीवर घेतलं होतं. ट्रायपॉडचा एक पाय वाकला तो आजही वाकडा आहे.

वर आल्यावर त्यांनी एकमेकींना मोजलं. म्हातारी थरथरत होती. सुगंधा दांड्याच्या दिशेने बघत होती.

"कसं कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"पाखरां डोक्यावरनं गेली. तिकडं फाटली, धुका जरा पातळ झाला म्हनून वर बगितला," ती म्हणाली. "मधी ते नव्हते."

धुकं विरलं तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. दांड्याच्या टोकाला काही नव्हतं.

मी तशीच ओल्या कपड्यांनी रिसॉर्टच्या लॉबीत गेले. चकचकीत फरशीवर चिखलाची पावलं उमटवत गेले आणि मुद्दाम दोन फेऱ्या जास्त मारल्या. महाडिक धावत आला.

"खांब कुणी काढला?"

"मॅडम, काल संध्याकाळी. मालकांनी सांगितलं म्हणून आमच्या माणसांनी..."

"का सांगितलं?"

तो बिचारा खरंच गोंधळला. "तुमच्याच फोटोवरून ना मॅडम. आधी आणि नंतर. मालकांनी दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. म्हणाले, त्या बुजगावण्याशिवाय समुद्र किती चांगला दिसतो, मग खरंच काढून टाका ना."

मला त्याचा राग आला, मालकाचा आला आणि स्वतःच्या हाताचा तर इतका आला की तो मी ओल्या ओढणीत गुंडाळून ठेवला. एका क्लिकने धूळ पुसली होती. त्या क्लिकमागून चार माणसं पहार घेऊन गेली होती.

"शर्ट कुठे आहे?"

"आहे ना!" महाडिकचा चेहरा उजळला. लॉन्ड्रीतून त्याने शर्ट आणला. धुतलेला, इस्त्री केलेला, हँगरवर. वर पाहुण्यांच्या हरवलेल्या वस्तूंना लावतात ती चिठ्ठी. नाव नाही, खोली क्रमांक नाही.

मालक मुंबईला परतले होते. मी महाडिकला त्यांना व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. भांडायची तयारी करून बसले होते, पण आयत्या वेळी भांडले नाही. लॅपटॉप उघडला, पहिल्या दिवसाचे फोटो न पुसता, न सुधारता, क्रमाने लावले आणि म्हटलं, "सर, हे फक्त बघा."

माणूस समुद्राकडे तोंड करून उभा. माणूस वळला. पाणी गुडघ्याला. कमरेला. छातीला. तो हात पसरून बघतोय.

"अहो, हा माणूस..." मालकांचा आवाज बदलला. "कोणी गेलं का नाही वाचवायला?"

"हेच ते बुजगावणं, सर. ते बुडतं म्हणून बायका बुडत नाहीत. आज नव्हतं. आज बायका बुडत होत्या."

मालक स्क्रीनच्या आणखी जवळ आले. मग ते म्हणाले, "महाडिक, आजच्या आज लावा परत."

महाडिकची माणसं संध्याकाळच्या सुकतीला खांब घेऊन गेली. सुगंधाने त्यांना हात लावू दिला नाही. खांब तिने आणि जावेने रोवला. मी शर्ट दिला तेव्हा तिने तो नाकाशी नेला, साबणाचा वास घेतला आणि पहिल्यांदा तिचे डोळे भरले.

"धुतलात कशाला?" ती म्हणाली. "समुद्र धुतो की रोज."

मी बांबू धरला, तिने शर्ट चढवला आणि बटणं लावली, वरून खालपर्यंत सगळी.

आता राहिला भिंतीचा फोटो. धुक्यातल्या त्या सकाळचाच सर्वांत चांगला होता, यात वाद नव्हता. मी तो नीट केला. म्हणजे धुक्यात फोटो फिका पडतो तो थोडा गडद केला, अंधारातल्या दाणेदारपणावर हात फिरवला आणि पंखांच्या कडा जेमतेम धारदार केल्या. धुळीचे ठिपके पुसले, पण एकेक करून, प्रत्येक फोटोशी ताडून. महाडिकचा फोन आला.

"मॅडम, मालकांना फार आवडला. फक्त मधे ते भोक आहे ना, तिथे आठ-दहा पक्षी टाकता येतील का?"

येतात. दोन मिनिटांचं काम आहे. बाजूचे पक्षी उचलायचे, उलटे करायचे, बसवायचे. कुणाच्या बापाला कळत नाही.

"नाही येत," मी सांगितलं.

ती मोकळी जागा मी शंभर टक्क्यांवर, मग दोनशेवर मोठी करून पाहिली आहे. तिथे धुकं आहे, दुसरं काही नाही. खांब आदल्या संध्याकाळी निघाला होता. तरी पक्षी फाटले, तेही बरोबर खांबाच्या रुंदीने नाही. पसरलेल्या दोन हातांच्या रुंदीने. इतक्या दिवसांची सवय असेल. मी लोकांना हेच सांगते, सवय असेल.

फोटो लागला तेव्हा मी सुगंधाला आणि तिच्या जावेला बघायला बोलावलं. महाडिकने दोघींना समोरच्या दाराने आत घेतलं, हे त्याच्या नावावर लिहून ठेवते. आख्खी भिंत पक्ष्यांनी भरली होती. म्हातारी तोंडावर पदर धरून बघत राहिली. सुगंधा जवळ गेली आणि थव्याच्या मधल्या त्या रिकाम्या जागेसमोर उभी राहिली. हात उचलला, पण काचेला लावला नाही. मग मागे वळून जावेला अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आजून वळले नायत. टाइम हाय."

तेव्हापासून मी 'आधी आणि नंतर' पाठवत नाही. आणि एक नियम केला आहे, नवीन शिकणाऱ्यांनाही सांगते. फोटोत जो डाग जागा सोडत नाही, ती धूळ. ती खुशाल पुसा. जो जमिनीवरची जागा सोडत नाही, तो पुसण्याआधी तिथे जाऊन विचारून यावं.